मदत नको, लसूण सोल

गोदाक्कांच्या खानावळीत पहिल्या दिवशी प्रत्येक मुलीकडून एक चूक व्हायची. तीच माझ्याकडूनही झाली. मी मुखेड तालुक्यातल्या माझ्या गावाहून लातूरला क्लाससाठी आले होते. ट्रंक खोलीत ठेवली, हातपाय धुतले. परक्या घरी रिकामं बसू नये एवढं आईनं शिकवलेलं होतं, म्हणून चुलीपाशी जाऊन म्हणाले, "अक्का, मदत करू का?"

भाकरी थापणारा हात थांबला. ओळीत जेवायला बसलेल्या मुली ताटात तोंड घालून हसायला लागल्या.

"मदत?" अक्का म्हणाल्या. "मदत नको. लसूण सोल."

मी लसणाची टोपली ओढून घेतली. लसूण सोलणं ही मदत नाही तर काय, हे मला कळेना, पण विचारायचा धीर झाला नाही. कंधारची सविता शेजारी सरकली आणि हळूच म्हणाली, "तो शब्द इथं काढायचा नाही. काम सांगा म्हण, हात लावते म्हण. मदत म्हणलं की लसूण."

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. त्यामुळे माणसांबद्दल लिहायचं असतं, तेही आपल्या खानावळवालीबद्दल, हे मला ठाऊक नव्हतं. पण आता नांदेडला कॉलेजात कुणी "मदत करू का" म्हणालं, की मला लसणाचा वास येतो. म्हणून लिहिते आहे.

अक्का उंच होत्या, आणि चालताना थोड्या पुढे झुकायच्या, समोरून वारा येत असल्यासारख्या. खानावळीच्या सगळ्या खोल्या पत्र्याच्या होत्या. घरमालकानं स्लॅब टाकून देतो म्हटलं तर त्या म्हणाल्या, "डोक्यावर जड काय नको." भांडी फळीवर ठेवायच्या नाहीत. पातेली, पराती, पाण्याचे हंडे सगळं जमिनीवर भिंतीकडेनं मांडलेलं. थंडीतसुद्धा अंगणात बाज टाकून झोपायच्या. त्या किल्लारीकडच्या होत्या, एवढं सांगितलं की लातुरात कुणी पुढचं विचारत नाही. आम्हीही विचारलं नाही.

एकदाच, शेंगा फोडत बसलो असताना, त्या आपणहून बोलल्या.

"भूकंपानंतर पांढरी जीप यायची. गहू, ब्लँकेट, भांडी. लांबून धूळ दिसली की पोरं वरडायची, मदत आली, मदत आली! आन् सगळे तिच्या मागं पळायचे. मी बी पळले." मग हातातली शेंग फोडून म्हणाल्या, "रांगेत आपल्याला नाव नसतंय, पोरी. वाटणारा म्हणायचा, घरटी एक. घर न्हाई, आन् घरटी एक."

एवढं बोलून त्यांनी टरफलं सुपात गोळा केली आणि ओरडल्या, "अभ्यास न्हाई का तुमाला?"

अभ्यास होता. लातुरात त्या दिवसांत गल्लोगल्ली क्लास निघत होते. पहाटेपासून सायकलींची रांग लागायची. मी त्यातली एक. बाबांनी सोडताना स्पष्ट सांगितलं होतं, "एकडाव बघू. सीईटी जमली तर शिक. न्हाई जमली तर सोयरीक बघून राहिलो मी." बाबा कठोर नव्हते. त्यांना दुसरी काही वाट माहीत नव्हती, इतकंच.

फॉर्म भरताना सरांनी फळ्यावर लिहिलं, 'जिल्हा'. आम्ही मुखेड, कंधार, हदगावच्या पाच जणी शेजारीशेजारी बसलेल्या. आमचा जिल्हा नांदेड. आम्ही ठसठशीत अक्षरात 'नांदेड' लिहिलं. तो रकाना परीक्षा केंद्राचा होता, हे फॉर्म पोस्टात पडल्यावर कळलं. राहायला लातूर आणि परीक्षा नांदेडला.

"मग काय झालं?" अक्का म्हणाल्या. "नांदेड काय इलायतेत हाय?"

पण परीक्षा मे महिन्यात होती. मे महिन्यातली लग्नसराई ज्यानं मराठवाड्यात पाहिली आहे त्याला पुढचं सांगावं लागत नाही. एसटीच्या खिडकीतून माणसं आत घुसतात, आणि भाड्याच्या सगळ्या जिपा वऱ्हाडांनी आधीच ठरवलेल्या असतात. सविताचे वडील तर म्हणाले, ओळखीच्या माणसाशिवाय पोरींना पाठवायचं नाही, मग परीक्षा बुडाली तरी चालेल. सविता त्या दिवशी जेवली नाही.

अक्कांनी तिचं ताट झाकून ठेवलं आणि आम्हाला जाहीर केलं, "गाडी घेऊ आपुन."

"कुणाची?"

"आपली. मीच चालवीन."

आम्हाला वाटलं, सविताला जेवायला लावण्यासाठी म्हणाल्या असतील. पण पुढच्या रविवारी अक्का सविताला आणि मला घेऊन औशाकडच्या एका गावी गेल्या. तिथं एक म्हातारे डॉक्टर राहायचे. भूकंपात त्यांनी दिवसरात्र जखमा शिवल्या होत्या, म्हणून परत जाताना मदतवाल्या लोकांनी आपली एक जीप त्यांनाच देऊन टाकली होती. अडचण एवढीच की डॉक्टरांना गाडी चालवता येत नव्हती. जीप तेव्हापासून गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी. डॉक्टर दर दसऱ्याला तिला हळदकुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचे, आणि दार लावून घ्यायचे. जुने हार त्यांनी कधी काढलेच नव्हते. पुढच्या जाळीवर वाळलेल्या झेंडूंचा जाड थर बसला होता आणि कुठल्याशा चिमणीनं त्यात घरटं केलं होतं.

"कमी चाललेली आहे," डॉक्टर म्हणाले. "मीटर बघा."

अक्कांनी मीटर पाहिलं नाही. दार उघडून त्या खाली वाकल्या आणि क्लचच्या पेडलवरचं रबर बोटानं चाचपलं. त्यावरच्या रेघा अजून उठून दिसत होत्या.

"माझ्या चपलंपेक्षा नवं हाय," त्या म्हणाल्या. मग जीपच्या मागे गेल्या आणि बराच वेळ तिथं उभ्या राहिल्या. दारावरची अक्षरं खरवडलेली होती, रंग पांढऱ्याचा पिवळट झाला होता. मी विचारलं, "अक्का, तीच आहे का?"

"तोंड न्हाई वळखू येत," त्या म्हणाल्या. "मी हिला सारखी मागूनच बघितली."

डॉक्टरांनी भावाची घासाघीस केली नाही. फक्त म्हणाले, "बाई, चालवाल ना? मी नुसती पूजा केली हिची."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवून जीप लातूरला आली, ती रफीक मिस्त्रींच्या गॅरेजसमोर. रफीकभाई आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचे. आवाज असा की क्लासच्या दुसऱ्या मजल्यावर ऐकू यावा. त्यांनी बॉनेट उघडलं, हारांचा चुरा हातावर घेतला आणि म्हणाले, "अक्का, ये गाडी हाय का देव्हारा? इंजिन तो गया काम से."

दुसऱ्या दिवशी म्हणाले, इंजिन ठीक आहे, पंप गेला. तिसऱ्या दिवशी पंप ठीक, गिअरबॉक्स गेली. रोज वेगळा अवयव दगावायचा. अक्का रोज डबा घेऊन जायच्या आणि विचारायच्या, "आज कोण मेलं?"

"आज कोई नहीं मरा, अक्का. आज टाकीत से काकवी निकली."

खरंच, इतक्या वर्षांचं डिझेल काकवीसारखं घट्ट झालं होतं. टाकी उतरवून धुतली. पाण्याचे रबरी पाइप हात लावला की बिस्किटासारखे मोडत होते, ते बदलले. टायरला भेगा होत्या. उभ्या उभ्या ब्रेक चाकाला धरून बसले होते. रफीकभाईंनी हातोडा मारून ते सोडवले, आणि चाक पहिल्यांदा फिरलं तेव्हा असं कण्हलं की समोरचा चहावाला कप घेऊन बाहेर आला. बॅटरी नवी घेतली. आम्ही क्लासहून येता-जाता तिथं थांबायचो. मी मानवी हृदयाचं प्रकरण त्या गॅरेजसमोर उभी राहून पाठ केलं आणि ते मला अजून येतं.

सगळं होऊनही इंजिन चालू होईना. सेल्फ मारला की घर्रर्र करायचं आणि थांबायचं. रफीकभाईंनी हात टेकले, "हवा नहीं मिलती इसको. सांस अटकी है." मग हवेचा मोठा पाइप उघडला. आत उंदरांनी ठासून भरलेलं घर होतं. गव्हाचे दाणे, आणि लाल-काळ्या चौकटीच्या ब्लँकेटचे तुकडे. उरलेलं ब्लँकेट मागच्या बाकड्याखाली सापडलं, एका कोपऱ्याला कुरतडलेलं.

अक्कांनी ते उचललं. झटकलं. नाकाशी धरलं.

"अस्संच होतं," त्या म्हणाल्या. "मी कधी पांघरलं न्हाई. कुत्रीला दिलं, तिला पिलं झालती."

रफीकभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. मग अक्का म्हणाल्या, "धुऊन घेते. शिटवर टाकायला बरं हाय." आणि रफीकभाईंकडे वळून, "बघता काय? मारा की सेल्फ."

जीप सुरू झाली. नुसती सुरू झाली नाही. तिनं इतका काळा धूर सोडला की क्लासमधली मुलं आग लागली म्हणून वह्या घेऊन खाली पळत आली. धुरातून अक्कांचा आवाज आला, "चालू हाय का?"

"चालू नहीं अक्का, एकदम शरीफ है!" रफीकभाई खोकत ओरडले.

गाडी शिकण्याचं काम बाजाराच्या मैदानावर झालं. रफीकभाई शेजारी बसायचे आणि दोन्ही हातांनी समोरचं लोखंड धरायचे. आम्ही कडेला उभ्या. अक्का पहिल्या गिअरमध्ये भाजी परतल्यासारखी गाडी चालवायच्या, सावकाश, सारखं लक्ष देऊन. दुसरा आला, तिसरा आला. फक्त मागं यायचं जमेना. मागे वळून पाहिलं की त्यांची मान धरायची आणि गाडी भलतीकडे जायची. लायसनच्या दिवशी कशाबशा मागं आल्या आणि तेव्हापासून तो गिअर त्यांनी सोडूनच दिला.

"गाडी में गिअर है, अक्का में नहीं," रफीकभाई म्हणायचे.

मग अक्कांनी स्वतःची पद्धत काढली. जिथून पुढे बाहेर पडता येईल तिथंच जायचं. मंडईत भाजी आणायला गेल्या की चार गल्ल्यांचा फेरा मारून परत यायच्या. एकदा खानावळीच्या दारावरून दोन पावलं पुढे गेल्या, तर मागे न येता अख्ख्या वस्तीला वळसा घालून पुन्हा दारात आल्या. आम्ही ताटं वाढून वाट पाहत बसलो होतो. आपल्या गॅरेजची पाटी रंगवून झाल्यावर रफीकभाईंच्या ब्रशात थोडा रंग उरला होता. त्यांनी विचारलं, "अक्का, पीछे क्या लिखूं? आईचा आशीर्वाद?" अक्का म्हणाल्या, "काय नको. मागं कोण बघतंय."

सविताचे वडील कंधारहून येऊन जीप बघून गेले. चारी टायरना त्यांनी लाथ मारून पाहिली, अक्कांच्या शेजारी बसून मैदानाला एक चक्कर मारली, आणि उतरल्यावर म्हणाले, "पाठवतो." स्टँडवर ते रिक्षा न करता चालतच गेले, पण त्यांनी शब्द फिरवला नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. पाच मुली, पाच पिशव्या, दशम्या, चटणी, आणि सीटवर धुतलेलं ब्लँकेट. अहमदपूर मागे पडलं. अक्का रस्त्याकडे बघत होत्या आणि आम्ही पुस्तकांत. मी मात्र मधूनमधून त्यांच्या हातांकडे बघत होते. जीप बंद पडली तर माझं कॉलेज संपलं, हे मला प्रत्येक खड्ड्याला आठवत होतं.

लोह्याच्या अलीकडे रस्त्यात एक माणूस आडवा आला. धोतर, फेटा, कपाळावर गंध. मागे बाभळीखाली त्यांची जीप बॉनेट उघडून उभी, आणि तिला टेकून प्रत्यक्ष नवरदेव. बाशिंग बांधलेला, घामानं निथळत. शेजारी दिवा धरलेली एक लहान करवली.

"बाई, मी नवऱ्याचा मामा," तो माणूस म्हणाला. "गाडीचा पट्टा तुटला. गोरज मुहूर्त हाय. जरा मदत करा."

आम्ही पाचही जणींनी पुस्तकातून डोकी वर काढली.

"मदतबिदत मी करत न्हाई," अक्का म्हणाल्या. "बसा."

नवरदेव आमच्यासमोरच्या बाकड्यावर बसला. बाशिंग ताडपत्रीला लागू नये म्हणून मान वाकडी केलेली. अक्का पुढून म्हणाल्या, "नवरदेव, तुमी लगनाला निघाला, आन् ह्या पोरी लगीन टाळायला निघाल्यात. मन लावून वाचू द्या त्यास्नी." नवरदेव इतका लाजला की मुंडावळ्या थरथरायला लागल्या. मग बऱ्याच वेळानं हळूच सविताला म्हणाला, "मला बी शास्त्रच आवडायचं."

गाव रस्त्यापासून थोडं आत होतं. वाजंत्री वाजायला लागली, पोरं पुढे धावायला लागली, आणि त्या गोंधळात मामा सांगत गेले तशा अक्का एका बोळात शिरल्या. बोळाच्या टोकाला मांडव. दोन्ही बाजूंना भिंती. जीपचं नाक मांडवाच्या खांबापाशी थांबलं तेव्हा नवरी वाट बघून रडवेली झाली होती. नवरदेव उडी मारून उतरला. मंगलाष्टकं सुरू झाली, आमच्याही हातात अक्षता आल्या, आम्हीही टाकल्या.

आणि मग लक्षात आलं की इथून पुढे वाट नाही.

अक्का जीपमध्ये बसल्या. मागचा गिअर टाकला. मागे पाहिलं, मान धरली, गाडी खर्रकन् भिंतीला घासत गेली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली. या वेळी मागचं चाक गुरांच्या हौदाला टेकलं. दिवस बुडाला होता. नांदेड अजून लांब होतं. सविताच्या हातातलं पुस्तक उलटं होतं, तिला ते कळत नव्हतं. मला बाबांचं "एकडाव" ऐकू येत होतं.

अक्का खाली उतरल्या. जीपकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. पंगतीला बसणाऱ्या वऱ्हाडाकडे बघितलं. पदर कमरेला खोचला, परत काढला, परत खोचला. मी त्यांना तशी कधी पाहिली नव्हती.

मग त्या भल्या मोठ्यानं ओरडल्या, "ओ पाव्हणे! जरा मदत करा की!"

सविताचं पुस्तक खाली पडलं.

सगळं वऱ्हाड उठलं. पानावरून उठलं. मामा, आचारी, वाजंत्रीवाले, डोक्यात अक्षता अडकलेला नवरदेव, सगळ्यांनी जीपला हात लावले. वाजंत्रीवाल्यांपैकी एकानं म्हटलं, नुसतं काय ढकलायचं, आणि ताशा वाजवायला सुरुवात केली. अक्का आत बसल्या, सुकाणू धरलं आणि समोर बघत राहिल्या. मामा मागून ओरडत होते, "डावं! डावं! आता सरळ!" जीप ताशाच्या ठेक्यावर मागे मागे चालली. अक्कांचं तोंड मांडवाकडे, गाडी उलटी, आणि मांडवात नवरी तोंडाला पदर लावून हसत होती.

हमरस्त्यावर आल्यावर मामांनी बुंदीचा मोठा द्रोण आत दिला. "लई उपकार झाले, बाई. वेळेला मदत केलीत."

आता काय ऐकावं लागतं, म्हणून आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"तुमी बी केलीच की," अक्का म्हणाल्या, आणि गाडी सुरू केली.

बुंदी हातोहात फिरत होती. मग सवितानं धीर केला, "अक्का, आता लसूण कुणी सोलायचा?"

अक्का हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना गाडी कडेला घ्यावी लागली. डोळे पुसत म्हणाल्या, "मीच सोलते, बाई. मीच सोलते." आणि त्या रात्री नांदेडला त्यांच्या भाचीच्या घरी, ती नको नको म्हणत असताना, त्यांनी खरंच वाटीभर लसूण सोलला.

सकाळी त्यांनी आम्हाला केंद्राच्या फाटकाशी सोडलं. पेपर सुटला तेव्हा जीप बाहेर उभी होती, अर्थात पुढे तोंड करून.

मी डॉक्टर होणार नाही. तेवढे गुण नव्हते. पण नांदेडच्या कॉलेजात जागा मिळाली आणि बाबांनी सोयरीक हा शब्द पुन्हा काढला नाही. सविता नर्सिंगला गेली.

निकालानंतर अक्का एकदा आमच्या गावी आल्या. पुढच्या वर्षी क्लासला येणाऱ्या मुलींच्या घरी स्वतः जाऊन बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आमच्या अंगणात त्यांनी चहा घेतला. आईला सांगितलं, पोरगी भाकरी जाड थापते, बाकी बरी आहे. मग जायला निघाल्या. बाबा नम्रपणे पुढे झाले, "अक्का, गाडी मागं घ्याला मदत करू का?"

मी डोळे मिटले.

"नको," अक्का म्हणाल्या, "पुढून वाट हाय नव्हं?"

वाट होती. मारुतीच्या पारावरून, विहिरीला वळसा घालून, शाळेमागून. जीप निघाली तशी गावातली सगळी पोरं मागच्या दाराला लोंबकळली. धूळ, आरडाओरडा, आणि खिडकीतून बाहेर आलेला अक्कांचा हात. गेल्या, असं वाटलं. आई आत वळली. मी तिला थांबवलं. "थांब, परत येतील. त्यांना गावाला फेरा घातल्याशिवाय बाहेर पडता येत नाही."

आणि जीप आलीच. घरासमोरून दुसऱ्यांदा गेली. पोरं दमून गळाली होती, त्यामुळे आता मागचं दार मोकळं दिसत होतं. त्यावर रफीकभाईंच्या हातच्या जाड, जराशा तिरप्या अक्षरांत ताजं लिहिलेलं होतं. बाबांना वाचायला वेळ लागतो, म्हणून मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं:

"गाडी मागे येत नाही. मदत करावी."